गोठ्यातली धाप: प्रकल्प नोंदी

१६ मार्च

संगमनेर तालुक्यातलं आमचं घर, घराला लागून पत्र्याचा गोठा. बारा दुभत्या एचएफ (होल्स्टीन-फ्रिजियन) संकरित गायी, तीन कालवडी, एक गीर आणि आबांनी हट्टानं ठेवलेला एक खिल्लार. दुपारी दीड वाजता पत्र्याखाली ३७ अंश. अजून मार्च आहे.

दादाची तक्रार जुनीच. फॉगर (हवेत पाण्याचं धुकं सोडणारे फवारे) आणि पंखे टायमरवर चालतात. गार दिवशीही चालतात आणि मेमध्ये पुरत नाहीत. बोअर मेमध्ये तासभर चाललं तर नशीब. आबांचं म्हणणं, "उन्हाळ्यात दूध आटतंच, त्यात यंत्र काय करणार?"

माझा विचार असा, की हवेला विचारण्यापेक्षा गायीलाच विचारावं. निवांत गाय मिनिटाला साधारण २० ते ४० श्वास घेते. ६० ओलांडले की तिला उष्णतेचा ताण जाणवायला लागलाय असं समजतात. भकाळीवर (बरगड्यांच्या मागचा पोटाच्या बाजूचा खळगा) कॅमेरा रोखायचा, श्वास मोजायचे, आकडा चढला की मोटार सुरू. पुण्यात दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे सेन्सर जुळवतो, शनिवार-रविवार घरच्या गोठ्याला द्यायला हरकत नाही.

खर्च: रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घरात पडून होता. कॅमेरा, रिले बोर्ड (मोटार-पंखे चालू-बंद करणारं बटण) आणि पाणी न शिरणारा डबा घ्यावा लागला. डबा कॅमेऱ्यापेक्षा महाग निघाला.

२३ मार्च

गायींच्या आधी आमच्या कुत्र्यावर, मोत्यावर, हात साफ केला. दुपारी पारावर जीभ काढून पडला होता. मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचा संथ व्हिडिओ घेतला आणि छाती मोजली. दहा सेकंदांत ५२. म्हणजे मिनिटाला तीनशेच्या वर. सावलीत झोपलेला असताना त्याचेच २२ आले होते.

गंमत म्हणजे त्याला अधलंमधलं काही नाही. २२ वरून ८०, मग १५०, असं चढत जात नाही. निवांत श्वास किंवा एकदम धाप. १९६२ मध्ये क्रॉफर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं याचं कारण मोजून दाखवलं. कुत्र्याची छाती, फुप्फुसं आणि श्वासपटल मिळून एक स्प्रिंगसारखी रचना होते, आणि तिची स्वतःची लय सेकंदाला साधारण सव्वापाच हेलकाव्यांची असते. कुत्रा नेमक्या त्या लयीत धापतो. झोक्याला त्याच्या वेळेवर बोटानं ढकललं तरी तो उंच जातो, भलत्या वेळी दोन हातांनी ढकललं तरी अडखळतो, तसंच. नाहीतर थंड होण्यासाठी स्नायू इतके राबवावे लागतील की त्याचीच उष्णता अंगावर येईल.

तोंड उघडं असतं म्हणून आपल्याला वाटतं, तो तोंडानं श्वास घेतो. हवा आत जाते ती बहुतेक नाकातून आणि बाहेर पडते तोंडातून. नाकातल्या गुंडाळ्यांवरच्या ओल्या त्वचेवरून गेलेली हवा त्याच वाटेनं परत आली असती, तर सोडलेली उष्णता आणि ओल नाकालाच परत देऊन गेली असती. श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये हे दाखवलं. मोत्याच्या नाकापुढे कापसाचा धागा धरून बघायचा प्रयत्न केला. त्यानं धागा खाल्ला.

३० मार्च

गाय म्हणजे कुत्रा नव्हे. पहिल्या चार व्हिडिओंत मिळालेले आकडे: ५६, ५४, ५८, ५५. बाहेर गारवा होता, सकाळचे आठ वाजले होते, गायी आरामात बसलेल्या. तरी पंचावन्न?

अर्ध्या तासानं ट्यूब पेटली. गाय रवंथ करत होती. रवंथ करताना मिनिटाला पन्नास-साठ वेळा जबडा हलतो, मान हलते, आणि ती थरथर थेट भकाळीपर्यंत पोचते. माझा प्रोग्रॅम भकाळीवरच्या ठिपक्यांची हालचाल टिपतो आणि त्यातली सर्वांत ठळक लय निवडतो. त्यानं रवंथ मोजली. सुखी गाय त्याला तापलेली वाटली.

उपाय म्हणून तोंडाचा तुकडा वेगळा टिपला आणि त्याची लय भकाळीतून वजा केली. शेपटीचं मात्र काही करता येत नाही. गोमाशा आहेत तोवर शेपटी चालणार. पंख्याच्या हादऱ्यानं कॅमेराही हलत होता, तो पंख्याच्या खांबावरून काढून भिंतीवर ठोकला.

वहिनी हातातल्या घड्याळावर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात. यंत्राची परीक्षा त्यांच्या वहीवरून.

६ एप्रिल

आठवडाभर रात्री वाचत होतो. जे मोजतोय ते येतं कुठून, हे कळल्याशिवाय हात चालेना.

श्वासाची मूळ लय मेंदूच्या अगदी खालच्या भागात, मस्तिष्कपुच्छात तयार होते. तिथे चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे, प्रीबॉट्झिंगर. १९९१ मध्ये स्मिथ, फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेवढा तुकडा काचेच्या पेटीत जिवंत ठेवला तरी तो आपला ठेका देत राहतो. (नाव एका जर्मन वाइनच्या बाटलीवरून पडलंय. शेजारच्या भागाचं बारसं परिषदेच्या टेबलावरची बाटली बघून झालं, आणि याच्या नावाला त्याआधी 'प्री' जोडलं.) तिथून हुकूम मणक्यातून खाली येतो, मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक नसेवाटे श्वासपटलाला पोचतो आणि बरगड्यांमधल्या स्नायूंना वेगळ्या नसांनी. फुप्फुस किती ताणलं याची वर्दी व्हेगस नस उलट वर नेते. पुरेसं भरलं की श्वास तोडला जातो. हेरिंग आणि ब्रॉयर यांनी हे १८६८ मध्येच सांगितलेलं.

या ठेक्याचा नेहमीचा मालक म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड. वाढला की श्वास वाढव, घटला की कमी कर. ऑक्सिजनचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

आता दुसरा मालक. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या टोकाला, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तिथून जरा वर, प्रीऑप्टिक नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी रक्त तापलं की जास्त वेगानं ठिणग्या टाकतात. १९३८ मध्ये मॅगून आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून फक्त हा भाग गरम केला. अंग गरम केलं नव्हतं, तरी मांजर धापायला लागलं आणि त्याच्या पंजांना घाम आला.

पण वर्दी फक्त तिथूनच येत नाही. कातडी, मज्जारज्जू, पोटाच्या आत खोलवर, सगळीकडे उष्णतेचे पहारेकरी आहेत. यातला माझा आवडता प्रयोग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा. वेट्स यांनी मेंढ्याचं फक्त वृषणकोश गरम केलं. मेंढा जोरात धापू लागला, इतका की त्याच्या शरीराचं तापमान उलट खाली आलं. गार शरीर, तरी धाप चालू, कारण एका नाजूक जागेनं आरडाओरडा केला होता. आबांना सांगितलं. ते आधी खूप हसले, मग म्हणाले, "मेंढ्याला कुणी विचारलं होतं का?"

म्हणजे एकच श्वास, मालक दोन. एकाला गॅस मोजून हवाय, दुसऱ्याला अंग गार. साध्या तापण्यात गाय दोघांना सांभाळते. श्वास भराभर घेते, पण उथळ. हवा नाक-घसा-श्वासनळीत फिरते, ओली त्वचा वाळवत उष्णता नेते, आणि खाली जिथे रक्त आणि हवेची देवाणघेवाण होते तिथे जवळजवळ नेहमीइतकीच पोचते. गॅसही शाबूत, अंगही गार. हे मला फार आवडलं. इतकं आवडलं की पुढचं पान नीट वाचलं नाही.

१३ एप्रिल

दुपारी तीनची तुलना, पत्र्याखाली ३८ अंश. चांदणी (जवळजवळ काळी एचएफ, गोठ्यात सर्वांत जास्त दूध): ८८. गौरी (गीर): ४४. खिल्लार: ३६, आणि वर माझ्याकडे तुच्छतेनं बघणं.

गायीला कुत्र्यासारखं फक्त धापेवर भागवावं लागत नाही, तिला अंगभर घाम येतो आणि मोठा वाटा तोच उचलतो. आपल्या देशी गुरांना तो जास्त साधतो, शिवाय दूध कमी म्हणजे आतली भट्टीही मंद. वीस लिटर दूध करणारी गाय आतूनच तापलेली असते.

शेजारच्यांच्या म्हशी ओढ्यात बसल्या होत्या. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी थोड्या, त्यामुळे चिखल हाच त्यांचा फॉगर.

२१ एप्रिल

रिले जोडला. श्वास ७० च्या वर गेले की पंखे, फॉगर आणि स्प्रिंकलर. दादाच्या सांगण्यावरून पाणी वाचवण्याचा एक नियम टाकला: आकडा सलग दहा मिनिटं उतरता असेल तर गाय गार होतेय असं समजून स्प्रिंकलर बंद, पंखे मध्यम.

पहिल्याच दिवशी टाकीत नेहमीपेक्षा बरंच पाणी उरलं. दादा खूश. मीही.

२७ एप्रिल

कॅमेऱ्यासमोर पाल बसली होती. दीड तास गोठ्यातल्या सर्व गायींचे श्वास शून्य.

११ मे

वाईट दिवस. जसं झालं तसं लिहून ठेवतो.

सव्वाबाराला वीज गेली. पंखे, मोटार, सगळं बंद. यंत्र बॅटरीवर चालू होतं, नोंदी करत होतं. पत्र्याखाली ४१. मी आणि दादा बाजारात.

यंत्रातल्या नोंदी, चांदणीच्या:
१२:३० — ९६
१:१५ — १२४
२:०० — १४१
२:२० वीज आली. पंखे व स्प्रिंकलर सुरू.
२:३० — १२२
२:४० — १०४
२:४१ उतरता कल. स्प्रिंकलर बंद, पंखे मध्यम.
२:५५ — ९२

माझ्या मोबाइलवर हिरवा ठिपका आला होता. मी दादाला दाखवला. "बघ, उतरतंय."

तीन वाजता वहिनींचा फोन. "भाऊजी, चांदणीचं काहीतरी भलतंच दिसतंय. मान लांब केलीय, जीभ पार बाहेर, आणि श्वास... भराभर नाही, पण सगळं पोट हलतंय. लाळेच्या तारा जमिनीपर्यंत." मी बावळटासारखा म्हणालो, "वहिनी, आकडा तर कमी झालाय." त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा तुमच्यापाशी. मी पाणी ओततेय."

आम्ही पोचलो तेव्हा आबा आणि वहिनी बादल्यांनी पाणी ओतत होते, टेबलफॅन ओढून आणलेला. थर्मामीटर लावला. ४१.३. गायीचं नेहमीचं ३८.५ च्या आसपास. डोळे खोल गेलेले, भकाळीत मूठ मावेल इतका खड्डा पडायचा आणि मग बरगड्यांसकट वर यायचा. दर श्वासाला मागचे पाय किंचित पुढे सरकत होते, जणू उभं राहायलाही तिला श्वासच धरावा लागत होता.

डॉक्टर चारला आले. सलाइन, इंजेक्शन, आणि पाणी चालूच. साडेसहाला ३९.६. साडेआठला तिनं तोंड मिटलं.

निघताना डॉक्टर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मोजता ते ठीक आहे. पण नुसते श्वास मोजू नका, भकाळी किती खोल जाते ते बघा. गाय तापलेली असताना श्वास आपोआप उतरायला लागले तर मी घाबरतो."

१२ मे

रात्री झोप नाही. एप्रिलमध्ये न वाचलेलं पान काढलं.

उष्णता हाताबाहेर गेली की धापेचा दुसरा टप्पा येतो. वेगवान, उथळ श्वास मोडतो आणि त्याच्या जागी संथ, खोल, तोंड उघडं टाकून घेतलेला श्वास येतो. गुरांमध्ये, मेंढ्यांमध्ये हे चांगलं नोंदलेलं आहे. गुरांची धाप दुरून बघून गुण देण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही सर्वांत वाईट पायरीवर श्वासांचा वेग कमी झालेला असू शकतो. या टप्प्यात हवा खालपर्यंत जाते, कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो, रक्त अल्कधर्मी होतं. एरवी गॅस इतका घटला की पहिल्या मालकानं श्वास थांबवला असता. पण आता त्याचं कुणी ऐकत नाही, हुकूम दुसऱ्याचा चालतो.

कालचा व्हिडिओ चालवून भकाळीची हालचाल पिक्सेलमध्ये मोजली. सकाळी सातला: ३२ श्वास, दर श्वासाला ६ पिक्सेल. दोन वाजता: १४१ श्वास, ३ ते ४ पिक्सेल. दोन पंचावन्नला: ९२ श्वास, ९ पिक्सेल.

गुणाकार केला. पिक्सेल म्हणजे लिटर नव्हे हे मान्य, पण अंदाजापुरतं. सकाळी १९२, दोनला पाचशेच्या आसपास, दोन पंचावन्नला ८२८. आकडा तिसऱ्या हिश्श्यानं उतरला आणि हवा त्याच वेळी दीडपटीहून जास्त झाली. व्हिडिओत सगळं होतं. मी फक्त एकच गोष्ट विचारत होतो.

वीज गेली ती माझी चूक नाही. २:४१ ची ओळ मी लिहिली आहे.

चांदणीनं आज ८ लिटर दिलं. शुक्रवारी १९ होतं.

१८ मे

नवा नियम. श्वास उतरले म्हणून काहीही बंद होणार नाही. बंद होण्यासाठी दोन्ही लागतील: वेग ६० च्या खाली आणि खोली त्याच गायीच्या सकाळच्या खोलीच्या जवळपास. वेग उतरतोय आणि खोली चढतेय अशी जोडी दिसली की सगळं पाणी सुरू, भोंगा सुरू, आणि चौघांच्याही मोबाइलवर फोन. हिरवा ठिपका काढून टाकला.

पिक्सेलची अडचण आहे. गाय कॅमेऱ्याजवळ सरकली की खोली वाढल्यासारखी दिसते. म्हणून पाठीच्या कण्यापासून पोटाच्या तळापर्यंतची उंची मोजून तिच्या तुलनेत हालचाल धरतोय. बसलेल्या गायीला हे लागू पडत नाही. बसल्या गायीचा आकडा सध्या यंत्र सांगतच नाही, नुसतं 'बसली आहे' लिहितं. पण खरी तापलेली गाय सहसा बसत नाही, उभीच राहते, कारण उभं राहिलं की अंगाला वारा जास्त लागतो.

विजेसाठी पंख्यांपुरता इन्व्हर्टर. दादानं न कुरकुरता पैसे दिले.

२५ मे

आबा दर उन्हाळ्यात पेंडीत खायचा सोडा घालतात. "का घालता?" विचारलं तर, "पोट साफ राहतं." आज हिशेब लागला.

धापून धापून गॅस उडाला की रक्त अल्कधर्मी होतं. तोल साधायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीतून टाकतात. उरलंसुरलं लाळेतून जमिनीवर गळतं. एरवी तीच लाळ गिळली जाऊन रुमेनमधलं (गायीच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा) आम्ल मारते. त्यात गाय दिवसभर रवंथ करत नाही आणि संध्याकाळी गार झालं की खुराक एका दमात खाते. रक्तात एक टोक आणि पोटात दुसरं. सोडा त्या पोटासाठी. दुधाची फॅट का पडते याचंही थोडं उत्तर त्यातच आहे.

वहिनींच्या कोंबड्याही चोच उघडून, पंख सोडून बसतात. त्यांना घाम मुळीच नाही, जी काही सोय ती घशात. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यातलं कार्बोनेट रक्तातूनच येतं. गॅस उडाला की कवच पातळ. या आठवड्यात दोन अंडी हातातच फुटली. वहिनी मला म्हणाल्या, "आता कोंबड्यांना कॅमेरा लावू नका."

८ जून

काल वळीव झाला. ३९ वरून ३१ अंश. सगळ्यांना बरं वाटलं, गायी सोडून. संध्याकाळी सहा, चांदणी ७४, चार गायी ७० च्या वर.

घरातल्या हायग्रोमीटरवर ७५ टक्के आर्द्रता. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक काढतात (७२ च्या वर गेला की दुधाळ गायीला त्रास, असं जुनं गणित आहे) तो काढला. कोरडे ३९ अंश आणि २२ टक्के: ८३. ओले ३१ अंश आणि ७५ टक्के: ८३, थोडा जास्तच.

धापेच्या बाजूनं बघितलं तर आणखी स्पष्ट होतं. नाकातली ओली त्वचा ३८ अंशांची धरली तर तिथे बाष्पाचा दाब सुमारे ५० मिमी पारा. कोरड्या दुपारी बाहेरच्या हवेत ११ ते १२, म्हणजे वाळण्याला ३८ चा उतार. कालच्या हवेत २५, म्हणजे उतार २४ च्या आसपास. तितकाच श्वास, पण कमाई दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी. कोकणातल्या गायींचं मे-जूनमध्ये काय होत असेल ते यावरून कळतं.

आणि आमचं यंत्र अशा हवेत काय करत होतं? फॉगर चालवून आणखी बाष्प सोडत होतं. आता आर्द्रता ६५ च्या वर गेली की फॉगर बंद, थेट अंग भिजवणारा स्प्रिंकलर थोडा वेळ, मग पूर्ण वेगानं पंखा. गायीच्या पाठीवरचं पाणी वाऱ्यानं वाळलं पाहिजे, हवेत लोंबकळता कामा नये.

चांदणी आज १५ लिटर.

वहिनींच्या वहीत आता दोन रकाने आहेत, 'किती' आणि 'वरवर / खोल'. आज दिवसभरात यंत्राचं आणि वहीचं तीनदा जुळलं नाही. तिन्ही व्हिडिओ बघितले. दोनदा यंत्र चुकलं, शेपटीमुळे. एकदा वहिनी, मोजता मोजता कुकरची शिट्टी झाली म्हणून.